दुपारची फुलं

कोथरुडात माणसानं काय वाटेल ते करावं. चांगली नोकरी सोडून अळिंबीची शेती करावी, पन्नाशीत गिटार शिकायला जावं, दारात आलेल्याला "आता जेवूनच जा" असं मनापासून म्हणावं. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. पण दुपारी एक ते चार जागं राहू नये. राहायचंच असेल, तर निदान शेजाऱ्याला कळू देऊ नये. द्वारकाबाई वैरागडे या दोन्ही कलमांखाली गुन्हेगार ठरल्या.

त्यांचं जागं असणं सबंध स्नेहबंध सोसायटीला ऐकू यायचं. ताटं विसळून झाली, पडदे ओढले गेले, पंखे फिरू लागले, की घरोघरी उशांजवळचे फोन सुरू व्हायचे. टुंग. टुंग. टुंग टुंग. अर्धा डोळा उघडून पाहावं, तर 'स्नेहबंध परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबाचं फूल. त्याखाली कमळ. मग दवबिंदूंसकट जास्वंद. मग उगवता सूर्य, दोन हंस, वाफाळता चहा आणि 'शुभ सकाळ'. भर दुपारी शुभ सकाळ! मग टोपलीत बसवलेलं मांजराचं पिल्लू, आणि पुन्हा गुलाब.

तर्क पुष्कळ झाले. पहिल्या मजल्यावर ठरलं, की बाईंना विस्मरण सुरू झालंय. तिसऱ्या मजल्याचं मत पडलं, की सुनेनं जुना फोन गळ्यात मारला, त्याचा हा सूड. खुद्द सून श्रद्धा जिन्यात कोणी विचारलं की गोड हसून म्हणायची, "अहो, त्यांना हौस आहे," आणि घरात येऊन नवऱ्याला म्हणायची, "संतोष, तुझ्या आईचं नेट बंद कर. आज मी लिफ्टमध्ये तोंड लपवलंय."

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी उत्तरेश्वरराव यांनी लिफ्टशेजारच्या फळ्यावर स्वहस्ते लिहिलं : "गटावर दुपारी १ ते ४ फुले टाकू नयेत. फुले सकाळी ताजी असतात. नंतर त्यांस निर्माल्य म्हणतात."

द्वारकाबाईंनी फळा दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फुलं टाकली नाहीत. फळं टाकली. आंबा, सीताफळ, द्राक्षाचे घड.

आता यामागचं खरं कारण. ते कळायला बाईंच्या पुण्यातल्या पहिल्या वर्षात जायला हवं.

द्वारकाबाई वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या. नवरा गेला, आणि त्याच सुमाराला संतोषला हिंजवडीच्या कंपनीनं उचललं. त्यानं कोथरुडात फ्लॅट घेतला आणि आईला उचलून आणलं. आल्या आल्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. बाई उत्साहानं गेल्या, वाण घेतलं आणि निघताना आपल्याकडच्या रीतीनं म्हणाल्या, "बरं, मी येतो."

"अय्या, येतो काय! मिशा कुठं आहेत?" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पुण्यात वाईट हेतू नसतोच, फक्त नेम अचूक असतो. त्यानंतर वर्षभर जिन्यातून जाताना एक पोरगी "मी येतो काकू" म्हणायची. बाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. हो, नाही, छान, उकडतंय. एवढ्या भांडवलावर त्यांनी कोथरुडात कितीतरी वर्षं काढली. घरात संतोष पुणेरी झाला होता. नातवंडं नव्हती. आपलीच भाषा आपल्या तोंडात शिळी होत चालल्याची चव त्यांना लागायची.

आणि एक दिवस लिफ्ट बंद पडली. बाई जिना चढून येतात तो पायरीवर एक उंचशी, पांढऱ्या केसांची बाई पिशव्या घेऊन बसलेली आणि लिफ्टच्या दाराला खडसावतेय : "मेल्या, आजच मराचं होतं काय तुले?"

द्वारकाबाईंच्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली.

"तुम्ही... कुठच्या व?"

"पुलगावची. आन् तू?"

"आर्वी."

"अव्वा! मंग इतकी दूर काऊन उभी आहे? बस इथं."

त्या पायरीवर दोघी किती वेळ बसल्या होत्या याबद्दल वॉचमनचं आणि श्रद्धाचं एकमत नाही. पण तिसऱ्या दिवशी दोघी एकमेकींना अगं-तुगं करत होत्या, ही गोष्ट सोसायटीच्या इतिहासात नमूद होण्यासारखी. या ललिता देशभ्रतार. पुलगावच्या पोस्टात काउंटरवर आयुष्य गेलं. मुलगा आयटीत. त्याच्याबरोबर त्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या.

देशभ्रतार! पाटी लागली तेव्हाच पुणेकरांच्या भुवया आदरानं वर गेल्या होत्या. आडनावावरून माणसाचं कूळ, गाव, घाट, पोटजात आणि आमटीत गूळ पडतो की नाही, एवढं पुण्याला उभ्या उभ्या कळतं. हा हिशोब अगदी पक्का. फक्त तो इकडच्याच आडनावांना लागू पडतो, तिकडचं आडनाव आलं की कोलमडतो. एकानं सांगितलं, हा जुना किताब असणार. दुसऱ्यानं त्याला पेशवाईतला दाखला जोडला. वर्ध्याकडचं शाळकरी पोरही सांगेल, की देशभ्रतार म्हणजे छप्पन सालापासूनचं बौद्ध घर. पण वर्ध्याकडच्या पोराला विचारतो कोण?

ललिताबाईंनी लपवलं काहीच नव्हतं. त्यांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची हातभर तसबीर होती, समोर बुद्धाची मूर्ती. पण पुण्यात ओळख दारातच पूर्ण होते, आत येऊन बसलं कोण? दारातून दिसायचा तो फक्त बुद्ध. आणि कोथरुडात बुद्ध कोणाकडे नाही? इंटिरिअरवाला चपलांच्या कपाटाबरोबरच देऊन जातो. उत्तरेश्वररावांच्या घरी तर बुद्धाच्या नुसत्या शिराची कुंडी होती आणि त्यातून मनीप्लांट उगवला होता. ललिताबाईंच्या मुलाचं नाव बुद्धभूषण. पण पुण्याला लांब नावाचा कंटाळा, तो पहिल्याच आठवड्यात भूषण झाला.

आता उत्तरेश्वरराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खडकवासल्याचं पाणी अजून आपल्याला विचारूनच सुटतं, असा चेहरा. त्यांचा दिनक्रम घड्याळाला लाजवणारा : जेवण, बाल्कनीत शतपावली, बडीशेप, एक फॉरवर्ड, घोरणं. कालव्यात पाणी सोडावं तसा ते जेवणानंतर ग्रुपवर एक मजकूर सोडायचे आणि शांतपणे कुशीवर वळायचे. चार वाजता सोसायटी चहाला उठली, की पाणी घरोघर पोचलेलं असायचं.

त्यातला पहिला द्वारकाबाईंनी वाचला तो पावसाळ्याच्या तोंडावर. विनोद होता म्हणे. एका ठरावीक समाजाचा डॉक्टर, सवलतीवर शिकलेला, आणि त्याच्या हातून मेलेला रोगी. खाली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे चेहरे. बाईंचं वाचन सावकाश. शेवटच्या ओळीला पोचल्या तेव्हा वरून ललिताबाईंच्या खलबत्त्याचा आवाज येत होता. ललिताबाईही ग्रुपवर होत्या. ठेचा कुटून होईल, हात धुतले जातील, आणि मग चहाबरोबर फोन उघडला जाईल.

बाईंनी तो मजकूर पुसायचा प्रयत्न केला. दुसऱ्याचं लिहिलेलं पुसता येत नाही. घाबऱ्या बोटानं कुठेतरी दाबलं गेलं, आणि आर्वीच्या जावेनं महिनोन्‌महिने पाठवलेली सगळी शुभ सकाळ एका झटक्यात ग्रुपवर जाऊन पडली. बाई कपाळाला हात लावणार, तेवढ्यात त्यांनी पाहिलं : डॉक्टर गेला होता. गुलाबांच्या धक्क्यानं वर सरकत सरकत पडद्याबाहेर गेला होता. चारला उठणारा माणूस शेवटचं पाहतो, फुलांची माळ दिसली की कंटाळून फोन ठेवतो.

तेव्हापासून बाईंची दुपारची झोप संपली.

त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या. सोसायटीच्याच समोरच्या इमारतीत उत्तरेश्वरराव शतपावली घालताना दिसायचे. राव वळले की बाईंचा जीव वळायचा. त्यांनी बडीशेपेची डबी उघडली की बाई इकडे फोन हातात घ्यायच्या. मग मजकूर पडायचा. कधी कोणाच्या मिरवणुकीबद्दल, कधी कोणाच्या वस्तीबद्दल, कधी नुसतंच 'हे लोक'. बाईंची फुलं निघायची. वरचा खलबत्ता थांबला की त्यांचं बोट आणखी घाई करायचं. संध्याकाळी ललिताबाई भेटल्या की त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचं : वाचलं असेल? नसेल? जेवण जाईना, एका जागी बसवेना, श्रद्धा म्हणाली डॉक्टरला दाखवू, तर डॉक्टर शब्दालाच बाई दचकल्या.

कारण ललिता गेली तर उरणार काय, तर पुन्हा हो, नाही, छान, उकडतंय.

त्यातच एके संध्याकाळी उत्तरेश्वरराव स्वतः दारात उभे. चक्क पेढे घेऊन.

"अहो वैरागडेबाई, फुलांचा विषय नाही. जरा खासगी आहे." त्यांनी जिन्यात वरखाली पाहिलं. "आमची उल्का आता लग्नाची झाली. वरच्या देशभ्रतारांचा भूषण डोळ्यांसमोर आहे. हिरा आहे हो मुलगा! नम्र. पार्किंगमध्ये गाडीसुद्धा रेषेत लावतो. आपण तिकडच्याच. म्हटलं, आपल्याला माहिती असणार. लोक कसे आहेत?"

द्वारकाबाईंच्या डोळ्यांसमोर त्याच दुपारचा मजकूर तरळला.

"चांगले आहेत," त्या म्हणाल्या.

"तसे दिसतातच. आडनावातच भारदस्तपणा आहे. म्हणजे आपल्यात... बसण्यासारखे ना?"

"छान लोक आहेत."

"वा! मग आपण जरा चाचपून पाहा. पेढे घ्या."

पेढ्यांचा बॉक्स बाईंनी न उघडताच फडताळात ठेवला. सांगावं, तर ललिताचं नाव यांच्या तोंडात जाणार. न सांगावं, तर हा माणूस एक दिवस कुंकवाचा करंडा घेऊन वर जाऊन उभा राहणार. बाईंनी तिसरा मार्ग काढला, म्हणजे काहीच केलं नाही. राव भेटले की "चाचपतेय" म्हणायच्या आणि दुपारी फुलं दुप्पट टाकायच्या.

हे असं किती दिवस चाललं असतं कोणास ठाऊक. पण रावांना त्यांच्या उल्कानं नको ती कळ शिकवली. ग्रुपवर फक्त ॲडमिननं लिहायचं, बाकीच्यांनी मुकाट वाचायचं, अशी सोय असते, हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं.

त्या दुपारी मजकूर मोठा होता. खोटीनाटी हकिकत, आग लावणारी. पण ती कुठून तरी आलेली, खालच्या दोन ओळी मात्र रावांच्या स्वतःच्या हातच्या : "आपल्या स्नेहबंधात यांच्यापैकी एकही नाही, हे आपले भाग्य. ते टिकवायचे असेल तर फ्लॅट देताना सर्वांनी आडनावे पाहावीत."

लगेच दोनचार अंगठे आले. त्यात एक अंगठा संतोष वैरागडेचा. हिंजवडीहून, मीटिंगमधून.

बाईंनी पोराचा अंगठा पाहिला आणि क्षणभर फूल कुठे दाबायचं तेच विसरल्या. मग एक गुलाब गेला. दुसरा गेला. तिसरा गेला, आणि ग्रुप बंद झाला. फक्त ॲडमिन. तीन गुलाबांनी काय झाकणार? वर तो मजकूर, त्याच्याखाली मुलाचा अंगठा, त्याच्याखाली आईचे तीन गुलाब, जणू पूजा बांधलीय. आणि हे सगळं आता चार वाजेपर्यंत तसंच उघडं पडून राहणार.

बाई चप्पल न घालताच जिना चढल्या.

"ललिता, चाल. बुधवार पेठेत जाचं आहे."

"आत्ता? उन्हात? कायले?"

"मिक्सरचं रबर गेलं."

ललिताबाई साडी नीट करायला आत वळल्या, तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन द्वारकाबाईंच्या पिशवीत गेला. रिक्षा पौड रस्त्याला लागली, तशी द्वारकाबाईंनी पिशवी मांडीखाली सरकवली. सबंध वाटभर त्या बोलत होत्या : आर्वीचा उन्हाळा, जावेचं गुडघ्याचं ऑपरेशन, रबराचे प्रकार. ललिताबाई रिक्षाच्या उघड्या बाजूनं बाहेर बघत नुसतं "हाव, हाव" म्हणत होत्या.

बुधवार पेठेत पोचल्या, तर मिक्सरवाल्याचं शटर खाली. शेजारचंही खाली. पाटी : "एक ते चार बंद. शटर वाजवल्यास चारनंतरही बंद." इतकी वर्षं पुण्यात राहून बाई ऐन घाईत पुणं विसरल्या होत्या.

दोघी बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या. दगडूशेठकडे जाणारी चार माणसं सोडली तर रस्ता पेंगत होता. आणि पिशवीत फोन वाजला. भूषणनं बसवलेली ती धून दोघींनाही ओळखीची.

"माहा फोन तुह्या पिशवीत काय करून राहिला व?"

द्वारकाबाईंनी पिशवी छातीशी धरली. ललिताबाईंनी हात पुढे केला आणि नुसता धरून ठेवला. पोस्टाच्या खिडकीतून पावतीसाठी धरावा तसा. फोन द्यावा लागला. त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, "हाव, पाहिलं मी. तू जेवला काय? जेव मंग." आणि फोन ठेवला.

"पाहिलं?" द्वारकाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "कवा?"

"पडल्या पडल्या. तुले काय वाटलं, सोसायटीत तू एकटीच जागी असते? पोस्टातली बाई दुपारी झोपते काय? डाक दुपारचीच येते." ललिताबाई रस्त्याकडे बघत होत्या. "सगळे वाचले. तो डॉक्टरवालाबी. तुही फुलं यायच्या आधी."

"मंग बोलली काऊन नाही?"

"मी बोललो त म्हणतीन, पहा, हिले मिरची झोंबली. झालं, संपलं. तू बोलली असती त इचारलं असतं, हिले काय झालं? हा फरक तुले समजत नाही?" त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "आमच्या पोस्टात तार याची. कोणी मेल्याची तार आली त आमचा पोस्टमन मुकाट्यानं जाऊन देऊन ये. कडू बातमी बर्फीच्या डब्यात घालून नाही देली कवा. उत्तरेश्वर मले नवा नाही, द्वारका. असे काउंटरवर लय पाहिले. वाईट त्याचं नाही वाटलं. पावसाळाभर मी वाट पाहिली का माही मैतरीण काही म्हणन. तुहा गुलाब ये, कमळ ये, मांजर ये. तू नाही आली."

"तुले लागू नाही म्हणून मी..."

"मले लागतच होतं. तुले दिसू नाही म्हणून तू झाकत होती."

द्वारकाबाई मान खाली घालून बसल्या. पायात चप्पल नाही हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. तळवे पोळत होते.

"पुढच्या महिन्यात मी पुलगावले परत जातो," ललिताबाई म्हणाल्या. "घर झाडून ठेवाले सांगतलं आहे."

"मी बोललो त राहशीन?"

"बाजार आहे काय हा?" ललिताबाई पहिल्यांदा हसल्या, पण कोरडं. "बोलाचं त बोल. आन् बोलली त माहं नाव घे. कुजबुजत नको घेऊ. मोठ्यानं घे. इतके दिवस पाटीवर लावून बसलो आहो."

रबर न घेताच दोघी परत आल्या.

संध्याकाळी संतोष घरी आला, तो आई सोफ्याच्या टोकाला बसलेली.

"तो अंगठा तू कायले देला?"

"कुठला? अगं आई, मी वाचलंच नव्हतं. ग्रुपवर काही आलं की देतो. सगळेच देतात."

"आर्वीत अंगठा अडाणी माणूस दे. आन् तोबी कागद आधी दुसऱ्याकडून वाचून घे, मंग दे. तू इंजिनेर ना? बस. वाच. मोठ्यानं."

संतोषनं वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला त्याचा आवाज बारीक झाला. 'आडनावे पाहावीत'पर्यंत तो पोचलाच नाही. "आपल्या वरची ललिता त्यांच्यातलीच आहे," बाई म्हणाल्या. श्रद्धा स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "भूषण यांच्यापैकी आहे? अहो आई, आणि तुम्ही ती फुलं..." पुढचं तिनं पोळीबरोबर लाटून टाकलं.

आता बोलायचं तर होतं, पण ग्रुपला कुलूप. ते कुलूप मात्र रावांनी स्वतःच काढलं. फक्त ॲडमिननं लिहायचं, याचा एक तोटा त्यांच्या ध्यानात आला नव्हता : मजकूर टाकला तरी अंगठे येत नाहीत. एक दिवस त्यांनी निर्विघ्न शांततेत काढला, आणि दुसऱ्या दिवशी जेवल्यावर, बडीशेप चघळत, कळ पुन्हा फिरवली. नवा मजकूर सोडला. कुशीवर वळले.

द्वारकाबाईंना मराठी टाइप करता येत नव्हतं. फुलं पुढं ढकलता यायची. पण माइकचं चित्र दाबून धरलं की आवाज जातो, हे श्रद्धानं आदल्या रात्रीच्या जेवणात न बोलता दाखवून ठेवलं होतं. बाईंनी बोट दाबलं. मिशा कुठं आहेत, हे वाक्य इतक्या वर्षांनी कानात आलं. तरी त्यांनी बोट उचललं नाही.

"उत्तरेश्वरभाऊ, मी द्वारका बोलून राहिलो. वैरागडे. कोणाले हसाचं असन त आधी हसून घ्या, मी थांबतो."

मग खरंच त्या थांबल्या. पंख्याची कुरकुर ऐकू येते त्या जागी.

"झालं? आता ऐका. परवा तुम्ही लिहिलं का आपल्या सोसायटीत त्यांच्यातलं कोणी नाही, आपलं भाग्य आहे. भाऊ, आहे. माह्या वरच्या मजल्यावर आहे. माही मैतरीण ललिता देशभ्रतार. तिनं लपवलं नाही, तुम्हीच कवा उंबरा ओलांडला नाही. ते लोक कसे आहेत म्हणून तुम्ही माह्या दारात येऊन इचारलं होतं, आन् काय काय म्हटलं होतं, ते मी इथं सांगत नाही. तुमच्या घरातली गोष्ट आहे. तुम्हाले माहीत, मले माहीत. पण मी जे सांगतलं ते आजबी सांगतो : चांगले आहेत. तुम्ही जे रोज जेवून टाकता, ते खोटं आहे आन् घाण आहे. मी त्याच्यावर फुलं टाकली, हे माहं चुकलं. घाणीवर फुलं टाकली त फुलं घाण होतेत. आजपासून फुलं बंद. आता तुम्ही असं काही टाकसान, त्याच्याखाली मी बोलीन. रोज. याच टायमाले. मी येतो."

बोट उचललं. टुंग झालं.

फोनवर निळ्या खुणा एकामागून एक उमटत गेल्या. सगळे जागे होते तर! मग तळमजल्यावरच्या बाईंचं आलं : "आवाज स्पष्ट आला." पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते. तिसऱ्या मजल्यावरून : "विषय योग्य, वेळ अयोग्य." एकजण न बोलता ग्रुप सोडून गेला. मग संतोषचं आलं : "माझा परवाचा अंगठा मी परत घेतो. न वाचता दिला होता." आणि त्यानंतर सबंध सोसायटीत एकच चर्चा पेटली, की राव वैरागडेबाईंच्या दारात नेमकं काय म्हणाले होते? पेढ्यांचा बॉक्स कोणीतरी पाहिलाच होता. बाकीचं लोकांनी जुळवून घेतलं.

चहाच्या आधीच उत्तरेश्वरराव दारात. केस विस्कटलेले, शर्टाची गुंडी चुकलेली.

"आपण मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं लोक कसे आहेत. मी सांगतलं."

"तसं नव्हतं विचारलं मी!"

"मले समजलं होतं कसं इचारलं ते. म्हणूनच तसं नाही सांगतलं."

"माझी मुलगी आहे हो, तिची बेअब्रू..."

"अहो बाबा," जिन्यातून उल्काच वर येत होती, कानात हेडफोन. "मला आणि भूषणला कोणी विचारलं होतं का? त्याचं त्याच्या ऑफिसातल्या शर्मिलाशी ठरलंय. आम्ही सगळे लग्नाला जाणारोत. चला घरी, गुंडी लावा नीट."

राव गेले. त्यांचे मजकूर एकेक करून निघाले. प्रत्येकाच्या जागी 'हा संदेश काढून टाकला आहे' एवढं राहिलं. माफी? छे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी सूचना होती : "गटावर समाजाविषयी मजकूर, फुले, फळे व ध्वनिफिती टाकण्यास मनाई आहे. चारही सारखेच आक्षेपार्ह." खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं : "सारखे नाहीत." अक्षर कोणाचं, ते कोणाला ओळखता आलं नाही. बाईंना मात्र ते श्रद्धाच्या वाणसामानाच्या चिठ्ठीवर रोज दिसायचं.

पण द्वारकाबाईंना फळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ध्वनिफीत गेल्यापासून वरून खलबत्त्याचा आवाज आला नव्हता. त्या दिवसाची संध्याकाळ गेली, दुसरी सकाळ गेली. दुपार झाली. जेवण पानातच राहिलं. शेवटी त्या चप्पल घालून वर गेल्या.

दार उघडंच होतं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ललिताबाई चष्मा लावून फोनवर काहीतरी सावकाश टाइप करत होत्या.

"आवाज लय मोठा आहे व तुहा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "भूषणनं ऑफिसात पाच जणाले ऐकवला."

"पुलगावले कवा जाते?"

"झाडणाऱ्या बाईले सांगतलं, राहू दे. बसू दे धूळ अजून थोडी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एका बोलण्यानं काही होत नाही, द्वारका. तो थांबन, दुसरा सुरू करन."

"माहीत आहे."

"मंग अशी उभी काऊन? डोळे पाहाय आपले. लाल झाले. पड तिथं."

"एक वाजून गेला. तो आता शतपावली घालत असन."

"घालू दे. आज मी आहो."

द्वारकाबाई सोफ्यावर आडव्या झाल्या. पावसाळाभराची झोप अंगावर आली, पण पापणी पुरती मिटेना. समोर खिडकीतून रावांची बाल्कनी दिसत होती. रिकामी. टेबलावर ललिताबाईंचा फोन टुंग झाला. द्वारकाबाईंनी चटकन एक डोळा उघडला.

"कोण?"

"झोप," ललिताबाई म्हणाल्या, आणि फोन हातात घेऊन वाचू लागल्या.